पंचवीस वर्षं बॅकला: फुटबॉलमधला बचावपटू इतका टिकतो कसा?

नाशिकमधल्या कुठल्याही टर्फवर रात्री नऊनंतर जाऊन बघा. गंगापूर रोड असो, इंदिरानगर असो की नाशिकरोड, टीम पाडताना एका मुद्द्यावर हमखास वाजतं: बॅकला कोण? पुढे खेळायला सगळे एका पायावर तयार असतात. मग ज्याचं पोट सुटलंय, ज्याला लवकर दम लागतो किंवा जो वयानं सगळ्यात लहान आहे, त्याला मागे पाठवतात. वर सल्लाही मिळतो: "तू फक्त उभा राहा रे, बॉल आला की मार लांब."

व्यावसायिक फुटबॉलमध्ये मात्र गोलकीपर सोडले तर सगळ्यात जास्त वर्षं टिकणाऱ्यांत या मागच्या लोकांचाच भरणा दिसतो. पोर्तुगालचा पेपे २०२४ च्या युरो स्पर्धेत खेळला तेव्हा त्याला एक्केचाळीस पूर्ण झाली होती. इंटर मिलानचा हाविएर सानेती एकोणचाळिसाव्या वर्षी टाचेचा स्नायुबंध तुटूनही काही महिन्यांत परत मैदानात आला आणि चाळिशी पूर्ण करूनच थांबला. हे कसं जमतं, ते समजून घ्यायला एकच कारकीर्द नीट उलगडून बघू. ती कारकीर्द पाओलो मालदिनीची.

मालदिनीचा जन्म १९६८ चा, मिलान शहरातला. २० जानेवारी १९८५ ला, सोळाव्या वर्षी, तो एसी मिलानकडून उदिनेसेविरुद्ध दुसऱ्या हाफमध्ये पहिल्यांदा उतरला. मे २००९ मध्ये थांबला तेव्हा चाळीस उलटली होती. सोळाव्या वर्षी सुरुवात आणि चाळिसाव्या वर्षी शेवट, हा हिशोब आपल्याला सचिनमुळे पाठ आहेच. मालदिनीचे हंगाम पंचवीस, क्लब एकच, सामने ९०२. त्यातले ६४७ इटलीच्या सेरी आ लीगमधले. इटलीच्या संघाकडून आणखी १२६. नुसत्या क्लबचे धरले तरी वर्षाला सरासरी छत्तीस सामने होतात, आणि तेही पाव शतक.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. बॅकचं काम नेमकं काय असतं?

पुढे खेळणारा दहा वेळा चुकला आणि अकराव्यांदा गोल झाला तर लोक त्याला डोक्यावर घेतात. बॅकचं गणित उलटं आहे. तो नव्वद मिनिटं बरोबर खेळला आणि एकदा चुकला, तर त्या एका चुकीचाच रिप्ले दिसतो. त्यामुळे चांगला बॅक धोका पत्करण्याची वेळच येऊ नये, अशा जागी उभा राहायचा प्रयत्न करतो. हे समजायला क्रिकेट फारसं उपयोगी नाही, कबड्डी जास्त जवळची. चढाईवाला आत आला की कच्चा कोपरारक्षक लगेच पायात घुसतो आणि बाद होऊन बाहेर बसतो. पक्का कोपरारक्षक थांबतो, चढाईवाल्याला आपल्याला हव्या त्या बाजूला वळायला लावतो, आणि तो वळला की अख्खी साखळी एकदम सरकते. फुटबॉलमधले चार बॅक हेच करतात, फक्त मैदान शंभर मीटरच्या आसपास लांब असतं.

समोरून कुणी बॉल घेऊन पळत आला तर काय करायचं, याची एक ठरलेली पद्धत आहे. थेट अंगावर जायचं नाही. हात-दीड हात अंतर ठेवायचं. छाती सरळ समोर न ठेवता अंग तिरकं ठेवायचं, एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले. म्हणजे तो कुठेही वळला तरी आपल्याला वळायला सोपं जातं. नजर त्याच्या डोळ्यांवर किंवा खांद्यांवर ठेवली की फसायला होतं, म्हणून ती बॉलवर ठेवायची. मग हळूहळू त्याला साइडलाइनकडे किंवा त्याच्या कच्च्या पायाकडे रेटायचं. साइडलाइन बॅकच्या बाजूनं खेळते, कारण तिच्या पलीकडे कुणाला जाता येत नाही. एवढं केलं की समोरच्याचा वेग मरतो आणि मागून आपली माणसं पोचतात.

स्लाइड टॅकल टीव्हीवर फार देखणा दिसतो. पण त्यात बॅक जमिनीवर पडतो, आणि बॉल नाही मिळाला तर उठेपर्यंत तो खेळातून गेलेलाच असतो. मालदिनीचे टॅकल अचूक होते, यात वाद नाही. तरी त्याचे सामने बघताना लक्षात राहतं ते हे, की त्याला पडायची वेळ किती कमी यायची. पडणं कमी म्हणजे धडका कमी, कार्डं कमी, दुखापती कमी. इतकी वर्षं टिकण्याचं पहिलं कारण मला तरी इथेच दिसतं.

दुसरं कारण ऑफसाइडमध्ये आहे, आणि तो नियम अनेकांना अर्धाच माहीत असतो. प्रतिस्पर्ध्याच्या अर्ध्यात असलेल्या आपल्या खेळाडूकडे पास निघतो त्या क्षणी तो बॉलच्याही पुढे असेल आणि समोरच्या संघाच्या शेवटून दुसऱ्या माणसाच्याही पुढे असेल, तर तो ऑफसाइड जागी आहे. शेवटचा माणूस बहुतेकदा गोलकीपर असतो, म्हणून व्यवहारात शेवटच्या बॅकची रेघ धरतात. आता गंमत बघा. चारही बॅक एका ओळीत राहिले आणि पास निघायच्या क्षणी एकत्र दोन पावलं पुढे आले, तर त्यांच्या मागे निघालेला स्ट्रायकर आपोआप ऑफसाइड. कुणाला हात लावला नाही, शर्यत लावली नाही, धोका टळला. पण चौघांतला एक जरी मागे रेंगाळला, तरी सगळा डाव अंगाशी येतो.

इटलीत पूर्वी ही पद्धत फारशी रूढ नव्हती. तिथे प्रत्येक बॅकला एक माणूस नेमून दिलेला असायचा. तो जाईल तिथे त्याच्या मागे जायचं आणि सगळ्यांच्या मागे एक मोकळा माणूस झाडलोट करायला ठेवायचा. १९८७ मध्ये आरिगो साकी मिलानचा प्रशिक्षक झाला. हा माणूस स्वतः कधी व्यावसायिक फुटबॉल खेळलेला नव्हता, आधी बुटांचा धंदा करायचा. त्यानं माणूस सोडून जागा राखायला शिकवलं. पुढच्या फळीपासून मागच्या फळीपर्यंत पंचवीस-तीस मीटरपेक्षा जास्त अंतर पडू द्यायचं नाही, हा त्याचा हट्ट होता. तासोत्ती, कोस्ताकुर्ता, बारेसी आणि मालदिनी ही चौकडी त्या तालमीत घडली. मिलाननं १९८९ आणि १९९० असे सलग दोन युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा, जिंकले. पुढे फाबियो कापेलोच्या हाताखाली, १९९३-९४ च्या हंगामात या बचावानं लीगच्या ३४ सामन्यांत फक्त १५ गोल खाल्ले. मिलाननं स्वतः केले किती? जेमतेम ३६. तरीही विजेते.

माणसाच्या मागे धावणाऱ्या बॅकला त्या माणसाइतका वेग लागतो, आणि वेग वयानुसार जातो. जागा राखणाऱ्याला अंदाज लागतो. तो वयानुसार वाढतो.

टर्फवर खेळणाऱ्या आपल्या पोरांना यातलं काहीच शिकायला मिळत नाही, ही माझी एक तक्रार आहे. पाच-सहा जणांच्या खेळात ऑफसाइड कुणी पाळत नाही. बाजूला जाळी असते, बॉल तिला आपटून परत येतो, म्हणजे साइडलाइनचा आधारही गेला. मोठ्या मैदानावर अकरा जण उतरवायचे तर जागा शोधण्यापासून सुरुवात. तिथे मुरूम, त्यावर स्लाइड टॅकल करून दाखवाच! त्यामुळे बॅक म्हणजे धिप्पाड आणि लांब मारणारा, हा समज पक्का होत जातो.

मालदिनी मुळात उजव्या पायाचा. उदिनेसेविरुद्ध खेळला तो उजवीकडेच. पण तिथे तासोत्ती पक्का बसलेला होता, म्हणून तरुण मालदिनी लेफ्ट बॅक झाला. डावा पाय त्यानं सराव करून करून इतका तयार केला की नवख्या माणसाला तो डावखुराच वाटावा. याचा फायदा पुढे झाला. समोरचा विंगर, म्हणजे कडेनं पुढे येणारा खेळाडू, आतल्या बाजूला वळला की मालदिनीचा नैसर्गिक, पक्का पाय तिकडेच असायचा; बाहेरून गेला तर घोटून तयार केलेला डावा होताच. शिवाय दोन्ही पाय चालतात म्हटल्यावर त्याला मधेही उभं करता येऊ लागलं.

हे मधे उभं करणं १९९४ मध्ये फार महत्त्वाचं ठरलं. अथेन्सला चॅम्पियन्स लीगची (युरोपियन कपचंच नवं नाव) फायनल, समोर बार्सिलोना, त्यांचे गोल करणारे रोमारियो आणि स्टोइच्कोव ऐन भरात. मिलानचे दोन्ही नेहमीचे सेंटर बॅक, बारेसी आणि कोस्ताकुर्ता, कार्डांमुळे बाहेर. मालदिनी मधे आला. निकाल मिलान ४, बार्सिलोना ०. दोनच महिन्यांनी विश्वचषकाच्या फायनलला पुन्हा रोमारियो समोर, या वेळी ब्राझीलच्या पिवळ्या जर्सीत. एकशेवीस मिनिटांत ब्राझीलला एकही गोल करता आला नाही. इटली हरली ती पेनल्टींवर. मालदिनीला विश्वचषक शेवटपर्यंत मिळाला नाही.

तिशीनंतर तो हळूहळू कायमचा मधे सरकला. लेफ्ट बॅकला पूर्ण सामनाभर आपल्या बाजूनं वर-खाली करावं लागतं. वर जाऊन क्रॉस (कडेनं गोलसमोर मारलेला बॉल) टाका, बॉल गेला की साठ-सत्तर मीटर परत पळा, पुन्हा वर. हे पळणं जोरात आणि अचानक असतं. आपल्या स्नायूंतले झटकन आकसणारे तंतू वयानुसार कमी आणि दुबळे होत जातात, स्नायुबंध भरून यायला जास्त वेळ घेतात. त्यामुळे सगळ्यात आधी हा झटका जातो. ज्याची सगळी कमाई पहिल्या पाच पावलांच्या वेगावर, त्या विंगरला मग काही उरत नाही. सेंटर बॅकच्या धावा तुलनेनं कमी, आखूड आणि आधी ओळखता येण्याजोग्या असतात. म्हणजे नोकरी तीच, पण शरीराकडून होणारी वसुली बदलते. मिलान क्लबनं २००२ मध्ये 'मिलान लॅब' नावाची स्वतःची प्रयोगशाळाही उभी केली. खेळाडूंच्या शरीराची सतत मोजमापं घेऊन दुखापत होण्याआधीच विश्रांती द्यायची, हा तिचा हेतू. कोस्ताकुर्ता एक्केचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला तो याच क्लबात.

सानेती या नियमाला अपवाद. तो चाळिशीकडे झुकतानाही बाजूनं वर-खाली करत होता. अशी माणसं असतात. त्यांच्यावरून नियम काढू नये.

इतक्या काळात पायाखालचे नियमही बदलत गेले. १९९० पासून शेवटून दुसऱ्या बचावपटूच्या बरोबरीत असलेला स्ट्रायकर ऑनसाइड धरला जाऊ लागला. आधी बरोबरीत असला तरी ऑफसाइड होता. ऑफसाइडचा सापळा लावणाऱ्यांचं काम एका झटक्यात अवघड झालं. १९९२ ला बॅक-पासचा नियम आला: आपल्याच खेळाडूनं मुद्दाम पायानं दिलेला बॉल गोलकीपरला हातात घेता येईना. तोवर अडचणीत आलेला बॅक बॉल मागे ढकलून सुटका करून घ्यायचा. आता त्याला पायात बॉल ठेवून खेळता येणं भाग पडलं. १९९८ च्या विश्वचषकात मागून केलेल्या धोकादायक टॅकलला थेट लाल कार्ड दाखवायचे आदेश निघाले. या प्रत्येक बदलात नुसता आडदांड बॅक मागे पडला आणि पायानं, डोक्यानं खेळणारा पुढे आला. मालदिनीला या बदलांचा जाच कमीच झाला, कारण तो आधीपासूनच तसा खेळत होता.

त्याच्या नावावर चुका नाहीत असं मात्र नाही. २००२ च्या विश्वचषकात दक्षिण कोरियाविरुद्ध सामना जादा वेळेत गेला. ११७ व्या मिनिटाला क्रॉस आला, आन जुंग-ह्वाननं मालदिनीपेक्षा उंच उडी मारून हेडर घातला आणि 'गोल्डन गोल'च्या नियमानं सामना तिथेच संपला. इटलीच्या निळ्या जर्सीतला त्याचा तो शेवटचा सामना. २००५ ला इस्तंबूलमध्ये चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये लिव्हरपूलविरुद्ध पहिल्याच मिनिटाला खुद्द मालदिनीनं गोल केला, हाफटाइमला मिलान ३-० पुढे होता, आणि मग दुसऱ्या हाफमधल्या सहा-सात मिनिटांत तीन गोल खाऊन पेनल्टींवर हरला. जगातल्या सगळ्यात अनुभवी बचावाचं हे झालं. दोन वर्षांनी त्याच लिव्हरपूलला २-१ हरवून अडतीस वर्षांच्या कर्णधारानं कप उचलला. त्याचा तो पाचवा.

पाच युरोपियन कप, सात लीग विजेतेपदं. पण जगातल्या सर्वोत्तम खेळाडूला मिळणारा बॅलन डी'ऑर एकदाही नाही. १९९४ आणि २००३ ला तिसरा क्रमांक, एवढंच. बेकेनबाउर, झामर आणि २००६ चा कान्नावारो अशी मोजकी नावं सोडली तर बचावपटूला तो मिळतच नाही. न झालेल्या गोलाची नोंद कुठे करणार? टॅकल मोजले तर उलटच चित्र दिसतं: ज्याला जास्त टॅकल करावे लागले तो कदाचित जास्त वेळा चुकीच्या जागी होता.

एकाच क्लबात राहण्याचाही संबंध आहे. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपियन न्यायालयानं बोसमन खटल्याचा निकाल दिला. करार संपला की खेळाडूला युरोपियन युनियनमधल्या कुठल्याही क्लबात फुकट जाता येऊ लागलं आणि बदल्यांना ऊत आला. खेळाडूंच्या दृष्टीनं तो न्यायच होता. पण ऑफसाइडची रेघ एकत्र सरकवायला वर्षानुवर्षं शेजारी उभं राहावं लागतं, आणि दर दोन वर्षांनी शेजारी बदलला तर ते जमत नाही. मालदिनीच्या बाबतीत घरचाही भाग होता. वडील चेझारे मिलानचे कर्णधार म्हणून १९६३ ला लंडनच्या वेम्ब्लीत युरोपियन कप जिंकले होते. बरोबर चाळीस वर्षांनी, २००३ ला, मुलानं कर्णधार म्हणून तोच कप मँचेस्टरमध्ये जिंकला. क्लबनं त्याची तीन नंबरची जर्सी निवृत्त केली, ती घालायची मुभा फक्त त्याच्या मुलांना. धाकटा डॅनियल मिलानकडून खेळला, पुढे इटलीकडूनही, पण सत्तावीस नंबर घालून, आणि पुढच्या फळीत.

एवढं करून निरोपाच्या दिवशी, मे २००९ ला, घरच्या सान सिरो स्टेडियमवर कट्टर समर्थकांच्या एका गटानं त्याला शिट्ट्या घातल्या. त्यांच्याशी त्याचं जुनं बिनसलेलं होतं. कर्णधार एकच, बारेसी, अशा घोषणा दिल्या. आठवड्यानं शेवटचा सामना फ्लोरेन्सला झाला. तिथल्या परक्या प्रेक्षकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या.

आपल्याकडेही अशी माणसं झाली. जर्नेल सिंग मूळचे बॅक. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये डोक्याला जखम झाल्यावर प्रशिक्षक रहीम यांनी त्यांना चक्क पुढे खेळवलं, आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या फायनलमध्ये त्यांनी गोल केला. भारत २-१ जिंकला. सुब्रत भट्टाचार्य १९७४ पासून १९९० पर्यंत मोहन बागानच्या बचावात उभे राहिले. मुंबईचा राहुल भेके बॅकच, आणि २०१९ च्या आयएसएल (इंडियन सुपर लीग) फायनलचा एकमेव गोल त्याचा, बेंगळुरूसाठी, अंधेरीच्या मैदानात, तोही ११७ व्या मिनिटाला हेडरनं.

बचाव खरा समजून घ्यायचा तर टीव्ही फार मदत करत नाही. कॅमेरा बॉलच्या मागे जातो आणि बॅक चौकटीबाहेर राहतात. रात्री साडेबारा-दीडला उठून चॅम्पियन्स लीग बघणाऱ्यांनाही मालदिनीचे वारसदार अर्धेच दिसतात. पुण्याचा आयएसएल संघ २०१९ ला बंद झाला, तेव्हा नाशिककराला जवळचं म्हणजे कसारा घाट उतरून अंधेरीचं स्टेडियम. गेलात तर गोलपोस्टच्या मागे, वरच्या रांगेत जागा बघा. दहा मिनिटं बॉल सोडून द्या. बॉल डावीकडे गेला की उजवा बॅक किती आत सरकतो, रेघ कोण पुढे ओढतो, कोण मागे रेंगाळतो एवढंच बघा. आणि शेवटची पंधरा मिनिटं उरली असताना, एका गोलनं पुढे असलेल्या संघाचा जुना सेंटर बॅक शोधा. मैदानावर सगळ्यात कमी पळणारा आणि सगळ्यात जास्त ओरडणारा, तोच असेल.